सातवा पेला

गुणाजी भंडाऱ्याची जीभ एक्सर गावात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक, चव ओळखण्यासाठी आणि दुसरी, नको तिथे सुटण्यासाठी. पहिलीनं त्याला मान मिळवून दिला आणि दुसरीनं त्याची एकुलती एक लेक खाडीपलीकडे घालवली.

चवीचं आधी सांगायला हवं. गुणाजी बाराव्या वर्षी ताडावर चढला आणि साठीला आल्यावर गुडघ्यांनी दगा दिला तेव्हाच कायमचा खाली उतरला. बोरिवलीपासून दहिसरपर्यंत असा ताड नव्हता ज्याचा रस त्यानं चाखला नव्हता. पेला ओठाला लागला की म्हणायचा, हे झाड तळ्याकाठचं, हे मुरमावरचं, ह्याचा कोयता बोथट आहे, ह्याची बायको मडकी घासत नाही. हे शेवटचं खरं असलं तरी चारचौघांत सांगायची काही गरज नसायची.

मग दारूबंदी आली. सरकारनं ताडी बंद केली आणि नीरा चालू ठेवली. झाड तेच, माणूस तोच, मडकंही तेच. फक्त मडक्याला आतून चुना फासायचा, म्हणजे रस आंबत नाही, आणि उन्हं चढायच्या आत तो विकून मोकळं व्हायचं. ऊन लागलं की नीरा फसफसायला लागते आणि मग ती सरकारला चालत नाही. गावातले अर्धे लोक सरकारला शिव्या देत बसले. गुणाजीनं मात्र सकाळच्या गार नीरेचा एक घोट तोंडात घोळवला आणि जाहीर केलं की आपण सगळे इतकी वर्षं चांगला माल नासवून पीत होतो. त्या दिवसापासून त्याच्या नीरेला तोड राहिली नाही.

त्याची एक रीत होती. मडकं धुवून झालं की वाळलेल्या हळदीच्या पानांचा धूर करायचा, मडकं त्यावर पालथं धरायचं आणि ते गार झालं की मग आतून चुना. ही रीत त्याच्या आईची. धुराचा वास असा लागत नसे, पण घोट तोंडात घोळवला की जिभेच्या मुळाशी कुठेतरी हळदीचं पान हळूच आठवण द्यायचं. पंचक्रोशीत हे दुसरं कुणी करत नव्हतं. कमळ आठ वर्षांची झाल्यापासून धुरीचं काम तिचं. बाप वर चढलेला, लेक खाली मडकी धरून बसलेली, आणि वरून बाप ओरडून सांगतोय की पोय कशी छाटायची. ताडाच्या शेंड्याला जी पोय फुटते ती रोज छाटावी लागते, तेव्हा कुठे रस ठिबकतो. ती कागदाइतकी पातळच छाटायची. जाड छाटली की नीरेच्या गोडीला तुरट कडा येते. पोरीला झाडावर चढायचं नव्हतं, तरी गुणाजी सगळं सांगायचा, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

आता जिभेचं दुसरं काम. तीन वर्षांपूर्वी कमळनं सांगितलं की लग्न करीन तर गोराईच्या अनंताशी. अनंता कोळ्याचा पोर. घरची होडी, घरची जाळी, निर्व्यसनी, हसऱ्या तोंडाचा. पण कोळी. गुणाजीचं डोकं फिरलं. देवळासमोर सगळं गाव जमलेलं असताना तो बोलून गेला, "ज्याचा हात सदा मासळीच्या टोपलीत, त्याच्या हातचं मी पाणी पिणार नाय." दुसऱ्या आठवड्यात कमळ तरीत बसून खाडीपलीकडे गेली आणि लग्न करून मोकळी झाली.

तेव्हापासून गुणाजीनं खाडी ओलांडली नव्हती. पार्वती, त्याची बायको, दर पंधरवड्याला जायची. परत आली की चुलीपुढे बसून भिंतीशी बोलायची. "माणिकला चार दात आले." "माणिक आता धरून धरून चालते." माणिक म्हणजे दीड वर्षाची नात, जिचं तोंड आजोबानं पाहिलं नव्हतं. गुणाजी कौलांकडे बघत सगळं ऐकायचा आणि पार्वती बोलायची थांबली की उगाच खोकायचा, म्हणजे तिनं पुढं बोलावं. लेकीच्या आठवणीनं त्याचा जीव तुटत होता. पण गावासमोर दिलेला शब्द गावासमोरच मोडायला हवा, आणि ते धाडस त्याच्याच्यानं होत नव्हतं. त्यात आता गुडघे गेलेले. आपला हात आपल्याबरोबर जाणार, असं तो येईल त्याला सांगायचा.

अशात छप्पन्न सालच्या थंडीत बोरिवलीला नीरेची स्पर्धा जाहीर झाली. नीरा प्रचाराचे अधिकारी श्यामकांत प्रधान स्वतः गुणाजीच्या अंगणात आले. ज्याची नीरा पहिली येईल त्याला बोरिवली स्टेशनाबाहेरचं नवं नीरा केंद्र चालवायला मिळणार होतं. परीक्षक तीन. एक स्वतः प्रधान, दुसऱ्या म्हणजे शाळेच्या हेडबाई वसुधाबाई, ज्यांच्या कोकमाच्या सरबताचं नाव पार मुलुंडपर्यंत होतं, आणि तिसरा जाणकार म्हणून गुणाजी.

"मला आकडे लिवता येत नाय साहेब," गुणाजी म्हणाला.

"दहापैकी गुण द्यायचे आहेत फक्त."

"मग चिंचोके चालतील?"

प्रधानांनी थोडा विचार केला. नियमावलीत चिंचोक्यांबद्दल काही नव्हतं. चालतील म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे पार्वतीनं त्याला धुतलेलं धोतर, कोट आणि लाल टोपी काढून दिली. मग टोपी सरळ करायच्या निमित्तानं समोर उभी राहून म्हणाली, "चव नीट घ्या. घाई नका करू."

"पन्नास वर्सं चव घेतोय मी."

"म्हनूनच सांगते," पार्वती म्हणाली आणि स्वतःही लुगडं बदलून निघाली. तिला नीरेच्या स्पर्धेत एवढा रस कधीपासून, हे गुणाजीच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.

शाळेच्या पटांगणात जाजम अंथरलं होतं. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर स्टेशनसमोरच्या हॉटेलातून उसने आणलेले नऊ काचेचे पेले, प्रत्येकावर खळीनं चिकटवलेला आकडा. कुणाचा पेला कोणता हे कुणाला कळू नये म्हणून प्रधानांनी पक्का बंदोबस्त केला होता. स्पर्धकांनी उजाडायच्या आत मडकी मागच्या दारानं द्यायची आणि निकाल लागेपर्यंत पाचवीच्या वर्गात बसून राहायचं. नावांची यादी लाखेनं बंद केलेल्या पाकिटात. आणि परीक्षकांनी घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि शेजारच्या पितळी तस्तात थुंकायचा. गिळायचा नाही. एक पोटात गेला की दुसऱ्याची चव कळत नाही, असं वरून लेखी आलं होतं. तस्त धरायला शाळेचा शिपाई चंद्रप्रकाश उभा होता आणि आपल्याला हे काम का मिळालं असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

गुणाजीनं पहिला पेला उचलला, घोट घेतला, डोळे मिटले, थुंकला.

"दहिसरच्या नदीकाठचं झाड. तिरकं वाढलेलं. चंदरचा हात."

जमलेल्या लोकांत हशा पिकला. प्रधानांनी दोन्ही हात वर केले. "गुणाजी, नाव घ्यायचं नाही. नावं गुप्त आहेत."

"मी कुठं पाकीट उघडलं साहेब? ही नीराच बोलतेय."

चंदर म्हणजे दहिसरचा भंडारी, गुणाजीचा तीस वर्षांचा वैरी. दोघं बाजारात भेटले तर रस्त्याच्या दोन कडांनी जायचे. गुणाजीनं शांतपणे नऊ चिंचोके पहिल्या पेल्यापुढच्या वाटीत टाकले. लोक पुन्हा हसले, पण ह्या वेळी जरा वेगळं हसले.

दुसरा पेला. "ह्याचं मडकं नवं हाय. मातीची चव सुटली नाय अजून. तीन महिन्यांनी चांगला होईल." पाच चिंचोके.

तिसरा. गुणाजीनं भुवया उंचावल्या. "नाव घेत नाय साहेब. पन ह्याला सांगा, कोयत्याला धार लाव."

"पाकीट कशाला केलं आपण?" वसुधाबाई प्रधानांच्या कानात म्हणाल्या. प्रधान घाम पुसत होते. पौषातल्या सकाळी, सात वाजायच्या आत.

चौथ्या पेल्याचा घोट गुणाजीनं इतक्या जोरात थुंकला की चंद्रप्रकाश एक पाऊल मागे सरला. "हे झाडाचं नाय. दुकानाचं हाय. साखर घातलीय." वसुधाबाईंनीही त्याला शून्य दिलं होतं, त्यामुळे त्यांना आनंद झाला. प्रधानांनी आपल्या कागदावरचा आठ हळूच खोडला. खरं म्हणजे त्यांना चौथा पेला सगळ्यांत आवडला होता.

पाचवा गेला, सहावा गेला. पटांगणाला आता मजा यायला लागली होती. गुणाजी घोट घेतो तेव्हा चिडीचूप, थुंकला की कुजबुज, बोलला की हशा. गुणाजीलाही मजा येत होती. गुडघे गेल्यापासून त्याचं बोलणं इतक्या लोकांनी ऐकलं नव्हतं.

त्यानं सातवा पेला उचलला. घोट घेतला. डोळे मिटले.

झाड ओळखीचं नव्हतं. ही पहिलीच वेळ. खारा वारा खाल्लेलं, वाळूतलं झाड होतं, गोडी भरपूर पण अंग हलकं. पोय पातळ छाटलेली, तुरटपणाचा मागमूस नाही. कोण एवढा हलक्या हाताचा? गुणाजीनं घोट इकडून तिकडे फिरवला. चंद्रप्रकाशनं तस्त पुढे केलं. गुणाजी वाकला, आणि तोंड उघडणार तोच मागून, जिभेच्या अगदी मुळाशी, हळदीचं पान आठवलं.

तो तसाच वाकलेला राहिला. धुरी. आईची धुरी. डोळ्यांपुढे अंगण आलं आणि त्या अंगणात आठ वर्षांची पोर, डोळ्यांतलं पाणी पुसत धुरावर मडकं धरून बसलेली. हळदीच्या पानांची ही रीत ह्या जगात दोनच माणसांच्या हातात होती. त्यातला एक इथे तस्तावर ओणवा होता. आणि खारा वारा एक्सरला नाही, दहिसरला नाही. खारा वारा खाडीपलीकडे.

कमळ झाडावर चढली नसणार. मग कोयता कुणाचा होता, हे कळायला जाणकार लागत नव्हता. पोय छाटायला तिनं खालून शिकवलं होतं, जशी ती खाली बसून शिकली होती. आणि वर चढणाऱ्याला चढण्याची भीती कसली? जन्मभर डोलकाठीवर चढून शीड सोडणारा माणूस. सदा मासळीच्या टोपलीत असणारा हात. त्या हातानं काढलेला घोट गुणाजीच्या तोंडात होता.

थुंकला असता तर नियमाप्रमाणे झालं असतं. कुणाला काही कळलं नसतं. शब्द शाबूत राहिला असता, चार-पाच चिंचोके टाकून पुढच्या पेल्याकडे वळता आलं असतं. आणि लेकीचं स्टेशनावरचं केंद्र त्या तस्तात गेलं असतं.

गुणाजी सरळ उभा राहिला आणि घोट गिळला. मग पेल्यात उरलेली सगळी नीरा प्यायला.

"गुणाजी, थुंकायचं आहे," प्रधान म्हणाले.

गुणाजीनं पेला खाली ठेवला. दहा चिंचोके मोजून वाटीत टाकले. डोळ्यांत पाणी आलं होतं ते लपवायचं त्याला सुचलंही नाही. "साहेब," तो म्हणाला, "सातवा पेला माझ्या लेकीच्या घरचा हाय. जावयाच्या हातचा. गावानं ऐकून घ्या. मी प्यालो."

पटांगणात एक्सरचे निदान साठ लोक असतील. ती शपथ सगळ्यांना पाठ होती. कुणी हसलं नाही. मागे बायकांत पार्वतीनं पदर तोंडाला लावला, आणि शेजारणीला कळलं की पार्वती पावसाळ्यापासून दर खेपेला वाळलेली हळदीची पानं खाडीपलीकडे का नेत होती.

गुणाजीनं रीतीप्रमाणे आठवा आणि नववा पेला चाखला, थुंकला, चिंचोके टाकले. काम अर्धवट सोडणारा माणूस तो नव्हता. पण प्रधानांची झोप उडाली होती. परीक्षकाची लेक स्पर्धेत, आणि परीक्षक पैकीच्या पैकी देतो. वर कळलं तर?

"माझे चिंचोके धरू नका," गुणाजीच म्हणाला. "माझी जीभ खरं बोलली, पन मी बाप हाय."

चिंचोके वगळले. मग प्रधान आणि वसुधाबाई यांच्या गुणांची बेरीज झाली आणि पहिला पेला व सातवा पेला बरोबरीत आले. चंदर आणि कमळ. प्रधानांनी नियमावली पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. बरोबरीबद्दल तिच्यातही काही नव्हतं.

वसुधाबाईंनी चष्मा काढून पुसला. वर्गात भांडणं मिटवताना त्या असंच करायच्या. "चंदरला बोलवा," त्या म्हणाल्या. "सातव्या मडक्यातली नीरा त्याला द्या. तोच ठरवू दे."

"तो स्पर्धक आहे, बाई."

"म्हणूनच. हरायला कुणी खोटं बोलत नाही."

पाचवीच्या वर्गाचं दार उघडलं. चंदर पुढे आला, मागून बाकीचे. सगळ्यांत मागे, व्हरांड्याच्या खांबाशी, कमळ उभी राहिली. कडेवर माणिक. शेजारी अनंता, उंच, खाली मान घातलेला. गुणाजीनं एकदा बघितलं आणि मग टेबलावरच्या चादरीकडे बघत राहिला, कारण आणखी बघितलं असतं तर परीक्षक म्हणून तिथे उभं राहणं त्याला जमलं नसतं.

चंदरला सगळं सांगितलं. केंद्र कुणाचं, ते आता त्याच्या तोंडात आहे, हेही सांगितलं. चंदर म्हणाला, "गुणाजीच्या लेकीचं मी पिऊ?" आणि पेला घेतला. घोट घेतला. चंद्रप्रकाशनं तस्त पुढे धरलं.

चंदरनं तस्ताकडे पाहिलं. गुणाजीकडे पाहिलं. गाल फुगलेलेच होते. मग त्यानं चंद्रप्रकाशचा हात हळूच बाजूला केला, घोट गिळला आणि उरलेला पेला गटागटा रिकामा केला. मिशा पुसल्या.

"हरलो," तो म्हणाला. "गुणाजी, तू सांगत फिरतोस तुझा हात तुझ्याबरोबर जाणार म्हनून. तो तर कवाच खाडी ओलांडून गेला. तूच इकडं राहिलास."

त्यानंतर पटांगणात जे झालं त्याला शिस्त नव्हती. बाकीच्या स्पर्धकांनीही सातवी नीरा मागितली, मडकं हातोहात फिरलं, आणि एकालाही तस्ताची आठवण झाली नाही. प्रधानांनी लाखेचं पाकीट फोडून नावं वाचली. ती आधीच सगळ्यांना माहीत होती, तरी टाळ्या पडल्या. चौथ्या पेल्याच्या मालकाचं नाव आलं तेव्हा तो बोरं विकणारीच्या मागे उभा राहिला होता. केंद्राचं पत्र घ्यायला कमळनं अनंताला पुढे ढकललं, अनंतानं कमळला ढकललं, आणि शेवटी ते माणिकच्या हातात गेलं. तिनं त्याची चव घेऊन बघितली.

"घराण्यावर गेलीय," वसुधाबाई म्हणाल्या.

कमळ बापासमोर आली. "बा, नीरा बरी होती?" तिनं विचारलं.

"पोय आणखी थोडी तिरपी छाटली तर चालंल," गुणाजी म्हणाला आणि नातीला घ्यायला हात पुढे केले. माणिक गेली. पहिल्याच झटक्यात लाल टोपी खाली पडली.

उन्हं चढायच्या आत सगळे खाडीवर आले. अनंताची होडी धक्क्याला होती. रिकामी मडकी, पार्वती, कमळ, माणिक असं सगळं तिच्यात बसलं. गुणाजी धक्क्यावर उभा राहिला. कुणी ये म्हणालं नाही. अनंताला म्हणायचं होतं, पण तीन वर्षांत सासऱ्याशी एक शब्द बोलला नव्हता, सुरुवात कुठून करायची ते त्याला कळत नव्हतं. मग गुणाजीनं धोतर वर खोचलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी, कुणाचा हात न धरता, होडीत पाय टाकला. होडी डुगडुगली. पार्वतीनं सरकून जागा केली, जणू रोजचंच आहे.

अनंता वल्ही मारू लागला. भरतीचं पाणी शांत होतं. थोडं पुढे गेल्यावर गुणाजीनं ओठांवरून जीभ फिरवली. सकाळपासून तोंडात नुसतं गोडच गोड झालं होतं.

"अनंता," तो म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं हे नाव तोंडानं उच्चारलं. "प्यायचं पाणी हाय का रे होडीत?"

वल्ही थांबली. कमळनं आईचा हात धरला. अनंतानं वल्ही आत घेतली, फळीखालून कळशी काढली, आपला हात धोतराला दोनदा पुसला आणि पेला भरून दोन्ही हातांनी सासऱ्यापुढे धरला.

गुणाजीनं पेला घेतला. सवयीनं घोट तोंडात घोळवला. मग गिळला, आणि सगळा पेला संपवला.

"तुमची विहीर मचूळ हाय," तो म्हणाला आणि आणखी पाण्यासाठी पेला पुढे केला.